पेंड जंत खात नाहीत

नांदेड-लातूरकडच्या शेळीवाल्यांत एक मत इतकं पक्कं बसलंय की त्याला कुणी आडवं जात नाही. शेळी वाळली, केस राठ झाले, शेपटीखाली घाण चिकटू लागली की पहिला सल्ला मिळतो : पेंड बंद करा. का? तर खुराक तिच्या अंगी लागतच नाही, सगळा जंत खातात. तुम्ही शेळी नाही, जंत पोसताय. हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात हे ऐकू येतं, औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस हेच सांगतो, आणि मोबाइलवरच्या शेळीपालनाच्या गटांत तर दर आठवड्याला कुणीतरी हे नव्याने शोधून काढतं. आधी डोस, मग खुराक. डोस कधी? पुढच्या बाजारी हातात पैसे आले की. तोवर कडबा आणि सोयाबीनचं भुसकट.

यातलं 'आधी डोस' मला मान्य आहे. 'मग खुराक' मान्य नाही. तो नुसता चुकीचा सल्ला नाही, जंतांनी केलेल्या नुकसानीत माणसाच्या हाताने घातलेली भर आहे. गेल्या ऐंशी वर्षांत प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आणि मेंढ्यांवर जे काम झालं, त्यातून बहुतेक वेळा एकच गोष्ट पुढे आली : आहारातली प्रथिनं तोडली की जंत उपाशी मरत नाहीत, जनावर त्यांच्यापुढे हात टेकतं.

मुळात 'जंत खातात' असं म्हणताना कुठला जंत डोळ्यांपुढे असतो? लेंड्यांत पांढरे, चपटे तुकडे पडलेले दिसतात तो. ते मोनिझिया नावाच्या पट्टकृमीचे. आतड्यात तो काही हात लांब वाढतो, आणि एकदा तो बघितला की आपल्या शेळीचा घास हाच पळवतो यावर कुणाचाही विश्वास बसेल. पण या जंताला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. अंगाच्या कातडीतून जे शोषता येईल तेवढ्यावर तो जगतो. करडांच्या पोटात तो सर्रास असतो, आणि एकट्याने क्वचितच जीव घेतो.

खरा वैरी वेगळा. हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. मेलेल्या शेळीचं हे पोट उघडून आतला भाग पाण्यात धरला तर दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, दोऱ्याएवढ्या बारीक माद्या सुटून वर येतात. नीट पाहिलं तर अंगात लाल आणि पांढरा असा दुहेरी पीळ दिसतो : लाल म्हणजे रक्ताने भरलेलं आतडं, पांढरा म्हणजे त्याभोवती गुंडाळलेली अंड्यांची पिशवी. एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते, पण ती अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. म्हणजे जो जंत लेंडीत दिसतो तो सहसा मारत नाही आणि जो मारतो तो दिसत नाही. आपला सगळा सिद्धान्त दिसणाऱ्या जंतावर उभा आहे.

आणि हिमॉन्कस पेंड खात नाही. तो रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो असं धरतात. हजार जंत असले तर ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास असतं, म्हणजे दर दिवशी त्यातला पस्तिसावा वाटा गेला. धडधाकट शेळीच्या ५० मिलिलिटर रक्तात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. ती रोज भरून काढायची कुठून? कडब्यातून? कडब्यात जेमतेम तीन-चार टक्के प्रथिनं. चाऱ्यात सात टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की शेळीच्या पहिल्या पोटातले जीवाणूच मंदावतात आणि तो कडबासुद्धा नीट पचत नाही. ज्या जनावराच्या अंगातून रोज प्रथिनं गळतायत, नेमकी त्याचीच प्रथिनं आपण बंद करतो.

या समजुतीवर एक विद्यापीठी अंगरखाही चढलेला आहे, त्याबद्दल बोलणं भाग आहे. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांनी पट्टकृमींवर चिकार काम केलं. औरंगाबादला जी. बी. शिंदे यांच्यासारख्यांनी त्याला जोम दिला, पुढे नांदेड, लातूर, उदगीरच्या महाविद्यालयांतून कितीतरी प्रबंध निघाले. नव्या जाती ओळखणं, त्यांची चित्रं काढणं, वर्गवारी करणं हे चिकाटीचं काम आहे आणि त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण याच परंपरेत आणखी एक साचा रुळला. खाटकाकडून शेळीचं आतडं आणायचं. जंत असलेलं एक, नसलेलं एक, आणि खुद्द जंत, असे तीन नमुने वाळवून, वाटून लावरी यांच्या १९५१ सालच्या पद्धतीने प्रथिनं मोजायची. फोलिनचा द्रव टाकला की परीक्षानळीत निळा रंग चढतो. रंग जितका गडद तितकी प्रथिनं जास्त. शेजारी ग्लायकोजेन आणि स्निग्ध पदार्थांचे रकाने. शेवटी एक ठरलेलं वाक्य : जंत यजमानाच्या आतड्यातून पोषक द्रव्यं शोषून घेऊन आपली वाढ करतो.

हे वाक्य त्या निळ्या रंगातून निघतच नाही. तीन नमुन्यांत प्रथिनं किती आहेत एवढंच ते मोजमाप सांगतं. ती कुठून आली, किती वेगाने आली, शेळीने काय खाल्लं होतं, यातलं काही सांगत नाही. म्हशीचं मांस आणि तिने चरलेलं गवत शेजारी ठेवून प्रथिनं मोजली तर मांसात जास्त निघतील, पण त्यावरून रानात गवत कमी का पडलं हे कळत नाही. प्रथिनं कमी-जास्त केल्याने जंतांचं काय होतं हा प्रश्न सोडवायचा तर जिवंत जनावराचा आहार बदलावा लागतो. खाटकाकडून आणलेल्या आतड्याचा आहार बदलता येत नाही.

आहार बदलून पाहण्याचं काम झालंय, आणि पट्टकृमींच्या बाबतीत तर फार पूर्वी. एसा चँडलर हा अमेरिकी परजीवीशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अंकुशकृमींवर काम करून गेला होता. पुढे ह्यूस्टनला त्याने पांढऱ्या उंदरांच्या पोटातल्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या पट्टकृमीवर प्रयोग केले आणि १९४३ साली निष्कर्ष छापले. उंदराच्या आहारातून प्रथिनं काढून टाकली तरी जंताच्या वाढीवर म्हणावा असा परिणाम झाला नाही. पिष्टमय पदार्थ काढले तेव्हा मात्र जंत खुरटले. उंदराने प्रथिनं खाल्ली नाहीत तरी त्याच्या आतड्यात पाचकरस, झडलेल्या पेशी, चिकट स्राव यांतून अमिनो आम्लं येतच राहतात. जंताची सोय त्यावर होते.

आता हा तर्क आपल्या गोठ्यात आणून बघा. जंताला उपाशीच मारायचं असेल तर पेंड नव्हे, ज्वारीचा भरडा बंद करायला हवा. तसं कुणी करत नाही, आणि करूही नये, कारण जंताच्या आधी शेळी जाईल. पण 'जंत उपाशी ठेवा' म्हणणाऱ्यांनी निदान कुठला घास तोडायचा हे तरी बरोबर निवडायला हवं होतं.

गोल जंतांचं चित्र याहून बोलकं आहे. हेलिग्मोसोमॉइडिस पॉलिगायरस हा उंदराच्या लहान आतड्यात राहणारा जंत प्रयोगशाळांत शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांऐवजी वापरतात. १९८६ साली स्लेटर आणि कीमर या दोघांनी उंदरांचे दोन गट केले. एकाच्या आहारात २ टक्के प्रथिनं, दुसऱ्याच्या ८ टक्के. दोन्ही गटांना पुन्हापुन्हा जंतांच्या अळ्या दिल्या, जसं चरणाऱ्या जनावराला रानात रोज मिळतात तसं. कमी प्रथिनांच्या गटात जंत साचत गेले. जास्तीच्या गटात काही काळानंतर जंतांची संख्या उतरू लागली. ८ टक्के म्हणजे काही मेजवानी नव्हे. प्रयोगशाळेतल्या उंदराचं नेहमीचं खाणंही याहून बरं असतं. तेवढ्यानेसुद्धा फरक पडला. पुढे २००० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने याच जंतावर ३ टक्के आणि २४ टक्के प्रथिनांचा मुकाबला लावला. तुटपुंज्या आहाराच्या उंदरांत जंत जास्त काळ जगले, आणि त्याचं कारणही दिसलं : जंतांना हुसकावणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं बनवणारी यंत्रणाच ढिली पडली होती.

शरीर हे असं का करतं? जंत बाहेर काढायला आतड्याला चिकट स्राव जास्त लागतो, प्रतिपिंडं लागतात, खास पेशी लागतात, फाटलेलं अस्तर पुन्हा विणावं लागतं. हे सगळं प्रथिनांचंच काम. प्रथिनं कमी पडली की जनावर आतल्याआत वाटणी करतं, आणि त्या वाटणीत वाढ आणि पिल्लं पुढे असतात, जंतांशी लढाई मागे. कूप आणि किरियाझाकिस यांनी १९९९ साली ही मांडणी केली. एडिनबर्गकडच्या प्रयोगांत पिल्लांना पाजणाऱ्या उंदरीणींवर ती तपासली गेली. एकदा येऊन गेलेला जंत त्यांना दुसऱ्यांदा दिला तेव्हा आहारातली प्रथिनं वाढवलेल्या माद्यांत तो कमी टिकला.

आपल्या भागातली शेळी उस्मानाबादी. काळी, काटक, आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. दोन करडं ओढतायत, पाऊस पडून रान ओलं झालंय, गवताच्या बुडाशी अळ्या वर चढतायत आणि मालकाने पेंड बंद केलीय. विणाऱ्या आणि पाजणाऱ्या मादीच्या लेंडीत याच दिवसांत अंड्यांची संख्या वर जाते हे मेंढ्या-शेळ्यांत जगभर दिसलंय. ती अंडी रानात पडतात, आणि महिन्याभरात चरायला लागलेली तिचीच करडं तिथल्या अळ्या खातात.

आता विरोधकांच्या अनुभवाकडे येतो. तो मी खोटा ठरवत नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावलाय एवढंच म्हणतो.

'पेंड घातली आणि तिसऱ्या दिवशी शेळी मेली' ही गोष्ट प्रत्येक गावात आहे. खरी असते. पण तिचा जंतांशी संबंध असेलच असं नाही. कडब्यावर वाढलेल्या जनावराला एकदम किलोभर पेंड किंवा धान्य मिळालं, की पोटात आम्ल वाढतं, नाहीतर आंत्रविषार होतो. आतड्यातले जीवाणू माजतात, विष सोडतात आणि रात्री चांगली असलेली शेळी सकाळी आडवी सापडते. यावर उपाय खुराक हळूहळू वाढवण्याचा, आठ-दहा दिवस लावून, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचण्याचा. पेंडीला दोष देऊन गप्प बसण्याचा नव्हे.

'पंधरा दिवस पेंड घातली, काही फरक नाही.' हेही खरं. फरक दिसायचाच नाही. प्रथिनांनी नव्याने पोटात आलेला जंत अडत नाही. कूप आणि होम्स यांनी १९९६ साली तोवरचे प्रयोग पडताळून हेच लिहिलं. प्रतिकार उभा राहायला आठवडे लागतात. १९८०च्या दशकात ग्लासगोत कोकरांवर हिमॉन्कसचे प्रयोग झाले तेव्हा भरपूर आणि तोकड्या प्रथिनांच्या गटांत जंतांच्या संख्येत फारसा फरक नव्हता. पण तोकड्या गटातल्या कोकरांचं रक्त जास्त उतरलं, अंगावर सूज आली, वजन पडलं. तेवढेच जंत, एका गटाने झेलले, दुसऱ्याने नाही. फक्त लेंडीतली अंडी मोजून पेंड निकामी ठरवणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार, आणि तो अडाण्याचा नाही, शिकलेल्याचा आहे : उंदीर म्हणजे शेळी नव्हे. बरोबर. उंदराने खाल्लेली प्रथिनं सरळ आतड्यात जातात. शेळीच्या पहिल्या पोटातले जीवाणू त्यांतली बरीचशी आधीच फोडून टाकतात. म्हणून शेळीला २४ टक्के प्रथिनांचा आहार द्या असं कुणी उंदरावरून सांगत असेल तर त्यालाही थांबवावं. सरकी पेंडीतली प्रथिनं तुलनेने सावकाश फुटतात, आतड्यापर्यंत जास्त पोचतात. बाभळीच्या शेंगांतला तुरटपणा प्रथिनांना बांधून ठेवतो. आपल्या म्हाताऱ्या शेळकऱ्यांनी शेंगा झोडून पोत्यात भरून ठेवल्या त्या उगाच नव्हत्या. आणि कच्चं सोयाबीन दळून घालण्याचा उद्योग करू नये, त्यात पचन अडवणारे घटक असतात. पण या मर्यादा किती द्यावं, कुठल्या रूपात द्यावं याच्या आहेत. द्यावं की नाही, हा प्रश्न त्यांतून उघडा राहत नाही; मेंढ्यांवरचे प्रयोग तर रवंथ करणाऱ्या जनावरांवरचेच आहेत.

हाच आक्षेप उलटाही वापरतात : उंदराचं माणसाच्या पोराला लावून 'पोटात जंत असताना अंडं देऊन काय फायदा' म्हणणारे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी मिळते, ती घ्यावी आणि अंडंही खावं. त्यावर याहून जास्त लिहायला मी या विषयाचा माणूस नाही.

राहिला पैशाचा मुद्दा, कारण शेवटी गाडी तिथेच येऊन थांबते. ज्या जिल्ह्यात सोयाबीनचा एवढा मोठा बाजार भरतो, जिथल्या तेल गिरण्यांतून ४५ टक्क्यांवर प्रथिनं असलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि परदेशात जाते, त्या लातुरात शेळीला पेंड परवडत नाही असं म्हणावं लागतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्याच हंगामात बाजारात शेतकऱ्याच्या हाती त्याहून कमी पडत होते. घरचं सोयाबीन पडेल भावाने विकायचं आणि घरच्या शेळीला भुसकट टाकायचं. तरी पेंड महाग वाटत असेल तर तुरीची चुणी आहे. लातूरच्या डाळ गिरण्यांतून ती पोत्यांनी निघते. पंधरा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. शंभर-दीडशे ग्रॅम चुणी रोज, म्हणजे मघाशी ज्या सात-आठ ग्रॅमची गळती मोजली त्याची बऱ्याच अंशी तोंडमिळवणी. सगळं आतड्यापर्यंत पोचणार नाही, पण शून्यापेक्षा बरंच पोचेल.

डोस स्वस्त आहे, हे मान्य. म्हणूनच तो दर महिन्याला, अंदाजाने, कळपातल्या सगळ्यांना, आणि बहुतेक वेळा वजनापेक्षा कमी पाजला जातो. त्यातून औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात. देशातल्या अनेक मोठ्या मेंढी-शेळी केंद्रांवर अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोलच्या गटाला न जुमानणारा हिमॉन्कस सापडलेला आहे. खुराक असलेल्या कळपात डोस कमी वेळा लागतो. ज्या शेळीच्या पापणीच्या आतली बाजू पांढरी पडली तिलाच पाजता येतो. खुराक तोडून नुसत्या डोसवर कळप चालवणारा माणूस स्वतःच आपलं औषध बोथट करतोय.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये, करून पाहावं. वीस शेळ्या घ्या, शक्यतो एका वयाच्या. पोळ्याच्या सुमाराला सगळ्यांना वजनाप्रमाणे डोस पाजा, मग दोन वाटे करा. एका वाट्याला नेहमीचा चारा, दुसऱ्याला तोच चारा आणि दीडशे ग्रॅम चुणी. पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅमवर सुरुवात. चरायला एकाच रानात न्या, नाहीतर पुढे रानावर खापर फोडाल. दर पंधरवड्याला वजन आणि पापणीचा रंग वहीत लिहा, आणि लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाहीतर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन अंडी मोजून घ्या. पंधरा दिवसांत निकाल लावू नका, दिवाळीच्या पुढे जा. मधे एखादी शेळी जबड्याखाली पाण्याची सूज घेऊन उभी राहिली, तर ती कुठल्याही वाट्यातली असो, तिला प्रयोगातून काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.